मंडळाचा मेल कशातून पाठवावा: थंडरबर्ड, आउटलुक की जीमेल?

इंदूरला रामबागेत आमच्या मंडळाची स्मरणिका दर गणेशोत्सवात निघते. दोन वर्षांपूर्वी एका सभासदाच्या कॉम्प्युटरवरून अकरा फाइली आल्या, सगळ्यांची देवनागरी नावं गळालेली. विषयाच्या ओळीत मधूनमधून प्रश्नचिन्हं. शेवटची तपासलेली फाइल कोणती ते कळेना, आणि अध्यक्षांचं मनोगत जुन्या चुकांसकट छापलं गेलं. ते पान आठवलं की अजून वाईट वाटतं. म्हणून यंदा सॉफ्टवेअर निवडताना मी आधी मराठीचं काय होतं ते पाहिलं.

विषयात इंग्रजीबाहेरची अक्षरं कशी लिहायची याचा नियम, आरएफसी २०४७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज), १९९६ पासून आहे. मजकुराचे जास्तीत जास्त ७५ चिन्हांचे तुकडे करायचे, पण एकही अक्षर दोन तुकड्यांत फोडायचं नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 'ळ' तीन बाइटांचा, म्हणजे साठवणीच्या तीन लहान घरांचा. निष्काळजी प्रोग्रॅम नुसते बाइट मोजतो आणि 'ळ' मधोमध कापतो. इंग्रजी अक्षर एकाच बाइटचं, त्यामुळे तिथे ही चूक दिसतच नाही. जोडलेल्या फाइलीच्या नावाचा नियम, आरएफसी २२३१, १९९७चा. इतक्या वर्षांनंतरही तो न पाळणं मला अक्षम्य वाटतं.

थंडरबर्ड हा कॉम्प्युटरवर बसवायचा मेलचा प्रोग्रॅम फुकट आहे, मेल आपल्याच डिस्कवर उतरवून ठेवतं. कंट्रोल-यू दाबलं की मेल मूळ रूपात समोर येतो, म्हणजे चूक पाठवणाऱ्याची की आपल्याकडची, हे लगेच कळतं. उणीव एक: पुसलेले मेल फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करेपर्यंत जागा अडवतात.

ऑफिसचं कॅलेंडर आणि मीटिंगा असतील तर आउटलुक सोयीचं. पण विंडोजवरचं जुनं आउटलुक २००७ पासून एचटीएमएल (वेबपानासारखी मांडणी असलेले) मेल वर्डच्या यंत्रणेने दाखवतं, त्यामुळे मांडणी बिघडू शकते. 'रिच टेक्स्ट' या आउटलुकच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये पाठवलं तर समोरच्याला फाइलींऐवजी 'विनमेल डॉट डॅट' नावाचं एकच गाठोडं मिळू शकतं. घेतलंच तर फॉरमॅट एचटीएमएल करून ठेवा. नवं आउटलुक दुसऱ्या कंपनीच्या खात्याचे मेलही मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून नेतं. सभासदांचे पत्ते आणि वर्गणीचे हिशेब तिकडे जावेत, हे मला पटत नाही.

जीमेल कोणाला शिकवावं लागत नाही. फाइली २५ एमबीपर्यंत, त्यापुढे ड्राइव्हची लिंक. मेलचा मजकूर १०२ केबीच्या पुढे गेला की उरलेला भाग झाकला जातो.

माझं मत: खातं जीमेलचंच राहू द्या, पण मंडळाच्या कॉम्प्युटरवर ते थंडरबर्डमधून चालवा. जीमेलची लेबलं थंडरबर्डमध्ये फोल्डरांसारखी दिसतात, त्यामुळे एकच मेल दोन-तीन फोल्डरांत दिसेल, त्याने गोंधळू नका.

ठरवण्याआधी तिन्हींतून एक-एक मेल पाठवून बघा. विषय असा लांब ठेवा: 'गणेशोत्सव स्मरणिकेतील सकाळच्या कार्यक्रमांची व बाळगोपाळांच्या खेळांची अंतिम मुद्रितं'. सोबत देवनागरी नावाची पीडीएफ जोडा. प्रेसवाल्यांना फोन करून विषय आणि फाइलीचं नाव मोठ्याने वाचायला सांगा.