कारखान्यात डिमांडसाठी बॅटरी: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचा प्लास्टिक इंजेक्शन मोल्डिंगचा कारखाना नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आहे. 11 केव्हीचं एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन, कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे करारात ठरलेली भाराची मर्यादा, 300 केव्हीए. सुट्टीनंतरच्या सकाळी सगळ्या मशीनचे बॅरल हीटर, ड्रायर, चिलर आणि कॉम्प्रेसर एकदम लोड घेतात. तासभर डिमांड, म्हणजे ग्रिडमधून ओढला जाणारा भार, 310 पर्यंत जाते, मग दिवसभर 220-230 वर स्थिरावते. पण डिमांड चार्ज (युनिटच्या पैशांशिवाय या भारासाठी लागणारी रक्कम) लागतो तो महिन्यातल्या सर्वोच्च नोंदीवर, आणि कॉन्ट्रॅक्टच्या वरच्या केव्हीएला तर दीडपट.

म्हणून 100 किलोवॅटचं, 215 युनिट साठवणारं कॅबिनेट घेतलं. आत 280 अँपिअर-अवरचे 240 एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल, लिक्विड कूलिंग. मेन इनकमरवरच्या (कारखान्यात वीज येते त्या मुख्य जोडणीवरच्या) मीटरचं रीडिंग बघत ते चालतं. लोड ठरवलेल्या मर्यादेवर गेला की वरचा भार बॅटरी उचलते.

आमची मर्यादा 240 केव्हीए. आणखी खाली न्यायचा मोह होतो, पण बिलिंग डिमांड ठरवताना मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वोच्च डिमांडचे किमान 75 टक्के धरतातच आणि त्या सर्वोच्च डिमांडलाही कॉन्ट्रॅक्टची कमाल असते. आमच्यासाठी तो आकडा 300 चे 75 टक्के, म्हणजे 225. त्याखाली बॅटरी कितीही राबवली तरी डिमांड चार्जमध्ये एक रुपया सुटत नाही. 310 वरून 240, म्हणजे 70 केव्हीए. केव्हीएला महिन्याला 550 रुपये धरले तरी साडेअडतीस हजार होतात, दीडपट दराची बचत वेगळी.

पुरवठादारावर माझी खरी नाराजी आहे ती सॉफ्टवेअरच्या सेटिंगबद्दल. त्यांनी टीओडीचा (वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदराचा) फायदा घेण्यासाठी बॅटरी संध्याकाळच्या महाग वेळेत पूर्ण रिकामी होईल असं लावून दिलं होतं. सकाळी हीटर चढले तेव्हा बॅटरी तळाला. त्या एका सकाळीने महिन्याची सगळी डिमांड बचत गेली. आता निम्मी बॅटरी सकाळसाठी राखीव असते, टीओडीला उरलेली. चार्जिंगलाही तीच 240 ची मर्यादा लावून घ्या. नाहीतर चार्ज होताना बॅटरीच नवा पीक तयार करते. कोटेशन घेतानाच या दोन गोष्टी लेखी मागा. सेलच्या ब्रँडपेक्षा मी यांना जास्त महत्त्व देतो.

100 युनिट भरले की 86-87 परत मिळतात. एप्रिल-मेमध्ये कॅबिनेटचं कूलिंग जास्त खातं, म्हणून वर पत्र्याची शेड टाकली. लाइट गेली की हे कॅबिनेटही बंद पडतं. बॅकअप हवा असेल तर लाइट जाताच कारखाना बॅटरीवर नेणारा स्टॅटिक स्विच वेगळा घ्यावा लागतो. आमचा डीजी (डिझेल जनरेटर) सेट अजून जागेवरच आहे.

बॅटरीआधी दोन कामं करा. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) तपासा, कारण डिमांड केव्हीएमध्ये मोजतात आणि तो सुधारणारं कपॅसिटर पॅनेल बॅटरीच्या मानाने फार स्वस्त पडतं. आणि हीटर टप्प्याटप्प्याने चालू करून बघा. आमच्याकडे सकाळी पहिल्या तासातच डिस्पॅच असतो, म्हणून ते जमलं नाही. ज्यांना जमेल त्यांचा पैसा वाचेल.

इंडक्शन फर्नेसवाल्यांना मी हे सुचवणार नाही. तिथे पीक तासन्‌तास टिकतो आणि एवढी बॅटरी अर्ध्यावरच संपते. आमच्यासारखा छोटा, उंच पीक असेल तर जरूर घ्या. पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट डिमांड 260 करण्यासाठी महावितरणकडे अर्ज देतोय.