एक नग बगळा: भोसरीतल्या लेझर कटिंग वर्कशॉपचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत पत्रा कापून, वाकवून देणारी वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. ब्रॅकेट, पॅनल बॉक्स, मशीनचे गार्ड अशी कामं तिथून ढिगाने निघतात. ‘मला एकच नग हवाय, पावसाच्या पाण्यावर मान हलवणारा बगळा’ असं सांगितलं की बहुतेक ठिकाणी ‘मॅडम, एका नगासाठी मशीन लावणं परवडत नाही’ असं उत्तर येतं. टेल्को रोडच्या आतल्या गल्लीतल्या या वर्कशॉपमध्ये मालकांनी माझं ड्रॉइंग टेबलावर पसरलं आणि विचारलं, ‘पाणी नेमकं कुठून पडणार?’ काम इथेच द्यायचं हे मी तेव्हाच ठरवलं.

बगळा आमच्या सोसायटीच्या अंगणात, गच्चीवरून येणाऱ्या पाइपाखाली उभा आहे. त्याची मान म्हणजे खांद्यापाशी टेकवलेली एक तरफ. पुढच्या टोकाला चोच, मागच्या टोकाला अर्ध्या लिटरची वाटी. वाटी रिकामी असताना चोच जड, म्हणून ती खाली. पाणी साठत गेलं की मागची बाजू जड होते, मान उचलली जाते, वाटी कलंडून रिती होते आणि चोच झपकन खाली येते. मासा टिपावा तशी! वेधशाळेच्या एका प्रकारच्या पर्जन्यमापकातही असंच भरून कलंडणारं छोटं भांडं असतं. रिमझिम असली की आमच्या बगळ्याचं बकध्यान लांबतं, सर कोसळली की त्याला उसंत नसते.

मी बरीच वर्षं प्रेस टूलची, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या साच्यांची, ड्रॉइंग केली. त्या कामात प्रत्येक रेष भागाच्या गरजेतून येते. इथे पहिल्यांदा मी एक रेष केवळ सुंदर दिसते म्हणून काढली, मानेचा तो बाक, आणि मग ती पत्र्यात कशी उभी राहील याच्या मागे लागले. हा क्रम उलटा झाला की डोक्यात काहीतरी उजळतं. रात्री जाग आली तरी मी वाटीचा उतार मोजत असे.

असा बाक बेंडिंग मशीनवर निघत नाही. म्हणून मान दोन सपाट पट्ट्यांची केली आणि मध्ये अंतर राखणारे तुकडे, म्हणजे स्पेसर, घातले. सगळं २ मिमी जाडीच्या ३०४ ग्रेड स्टेनलेस पत्र्यात. या पत्र्याचं वजन चौरस मीटरला जवळजवळ १६ किलो भरतं, त्यामुळे मान आणि शेपूट यांचा तोल कागदावर मांडता आला. शेवटचा फेर मात्र हातानेच जमवावा लागणार हे माहीत होतं, म्हणून मानेत एक लांबट भोक ठेवलं. त्यात नट-वॉशर मागेपुढे सरकवून तोल बसवता येतो.

आता वर्कशॉपबद्दल. फायबर लेझर चांगला आहे आणि चालवणारा मुलगा त्याहून चांगला. स्टेनलेस ते नायट्रोजनवर कापतात, त्यामुळे कड पांढरी, स्वच्छ येते. साधं लोखंड ऑक्सिजनवर कापलं तर कडेला काळी पापडी धरते आणि ती घासून काढली नाही तर पावडर कोटिंग तिथूनच सुटतं, हे त्याने मी न विचारता सांगितलं. खांद्याचं भोक त्याने मुद्दाम किंचित लहान कापलं आणि नंतर रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवून नायलॉनच्या बुशसाठी, म्हणजे आत बसणाऱ्या नळीसाठी, बरोबर केलं. बारीक पिसं कापताना जाळीतून खाली पडू नयेत म्हणून प्रत्येकाला पत्र्याशी इवलासा सांधा ठेवला. आणि ही सगळी पिसं त्याने दुसऱ्या कोणाच्या पॅनलच्या उरलेल्या तुकड्यात बसवली! त्या पिसांच्या पत्र्याचे पैसे बिलात लागले नाहीत.

पण मला सगळ्यात आवडले ते आर्गन वेल्डिंग करणारे दादा. मी दोन्ही पाय सरळ दिले होते, मजबुतीसाठी. टॅक, म्हणजे वेल्डिंगचा तात्पुरता टाका, मारण्याआधी ते थांबले, खडू घेतला आणि जमिनीवर बगळा काढला. ‘काकू, आमच्या तळ्यावर तर एक पाय पोटाशी घेऊन उभा राहतो. एक पाय उचलू या का?’ मग आम्ही दोघं जमिनीवर उकिडवे बसलो. भार एका पायावर आला, म्हणून तळाची प्लेट मोठी केली आणि तिला अँकर बोल्टसाठी चार भोकं दिली. उचललेला पाय त्यांनी उरलेल्या सळीतून शिकंज्यात वाकवला. तो पाय माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हता आणि आज बगळ्याकडे पाहणारा प्रत्येक जण आधी त्याच्याचकडे पाहतो.

उणं म्हणावं तर दोन गोष्टी. वेल्डिंगच्या जागी आलेली निळसर झाक पिकलिंग पेस्ट (डाग काढणारी आम्लाची पेस्ट) लावून काढा असं आठवणीने सांगावं लागलं. आणि घरपोच सेवा नाही, पॅकिंग म्हणजे जुनी गोणपाटं. टेम्पो आपला आपण आणायचा.

खर्च जीएसटी धरून नऊ हजारांच्या आत आला. लेझरचा दर कापलेल्या लांबीवर आणि किती ठिकाणी पत्रा भेदावा लागतो यावर ठरतो, तेव्हा नक्षीची भोकं वाढली की बिल वाढतं. ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल (लेझर मशीनला चालणारा प्रकार) एकास एक मापात द्या, रेषांची टोकं एकमेकांना जुळलेली ठेवा, एकावर एक आलेल्या दुहेरी रेषा काढून टाका, नाहीतर लेझर त्याच जागी दोनदा फिरेल. पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान भोकं टाळलेली बरी.

वाऱ्यावर तिरका चालणारा खेकडा आता कागदावर आहे. तो इथेच करायचा, आणि यावेळी दादांना ड्रॉइंग पुरं होण्याआधीच दाखवणार आहे. तुम्ही जाणार असाल तर गुरुवार सोडून जा, त्या दिवशी शटर बंद असतं.