प्लॅन त्याच रात्री आला होता

पैशांचा हिशेब आधी देते, कारण हिशेब हेच माझं काम आहे. नाशिकच्या एका पतसंस्थेत मी बावीस वर्षं लेखापाल आहे. पहिल्या भेटीचे ४९९ रुपये. वर्षभराचा 'पर्सनलाइज्ड वेट लॉस प्रोग्रॅम' ३८,५०० रुपये. कर्जाची प्रोसेसिंग फी ५९० रुपये. डीएनए टेस्ट ८,९९९ रुपये. तीन महिन्यांची पावडर आणि कॅप्सूल ११,३४० रुपये. एकूण ५९,९२८. यातले १७,५०० अजून हप्त्यांनी जायचे आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे कापल्याचा मेसेज येतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

लोकांच्या ठेवींची कागदपत्रं तपासणारी बाई अशी फसली, हे मी सहा महिने पतसंस्थेत कोणालाही कळू दिलेलं नाही. आता लिहिते आहे, कारण त्याच कंपनीची नव्या वर्षाच्या सवलतीची जाहिरात परवा माझ्या फोनवर पुन्हा आली.

या धंद्याची रीत सगळ्यांना माहीत असते. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, 'फक्त आजच्या दिवसापुरती' सूट, मग पावडरचे डबे. मलाही माहीत होती. कीटो, ज्यूसवर राहणं, सातच दिवसांत पोट सपाट, यातल्या कशालाही मी आजवर भुलले नव्हते. मी भुलले ती 'पर्सनल' या शब्दाला. माझी जाऊ डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकून दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवते. तिचं वजन उतरलं आणि त्यासाठी तिला कोणाला एक रुपया द्यावा लागला नाही. मला मात्र ते झेपलं नाही, दुपारी चारला डोकं धरायचं. ऑफिसमधली मैत्रीण नेमकं उलट करते, दर दोन तासांनी थोडं थोडं खाते. त्यामुळे 'प्रत्येक शरीर वेगळं, मग सगळ्यांना एकच डाएट कसं चालेल?' हे त्या जाहिरातीतलं वाक्य मला अगदी पटलं. वाक्य खरंच आहे. खरं वाक्य सांगूनच त्यांनी मला आत ओढलं.

आणि गरज होती, हौस नव्हती. वय ४७, आठ वर्षांपासून थायरॉइडची गोळी, पाळी जायच्या बेतात, गुडघे दुखायला लागलेले. आमच्या डॉक्टरांनी दहा किलो तरी कमी करा म्हणून सांगितलं होतं. ते कसं करायचं हे सांगायला त्यांच्याकडे चार मिनिटं होती. त्या सेंटरमधल्या मुलीने मला पाऊण तास दिला. इतकी वर्षं माझ्या तब्येतीबद्दल कोणी सलग पाऊण तास ऐकून घेतलं नव्हतं.

१४ जून, शनिवार. दुपारचं जेवण करून, उन्हातून चालत गेले. एका यंत्रावर अनवाणी उभं केलं, हातात दांडे धरायला दिले आणि कागद छापून आला. वजन ७८.४ आणि 'शरीराचं वय ६१'. ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मॅम, सत्तेचाळीसला एकसष्ट म्हणजे जरा सिरीयस आहे." माझ्या पोटात गोळा आला. ते यंत्र शरीरातून बारीकसा वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतं आणि अंगात पाणी किती, नुकतं जेवलात का, चालून आलात का, यावर आकडा हलतो, हे मला नंतर समजलं. असा वयाचा कागद कोणी तुमच्या हातात ठेवला, तर त्या दिवशी कशावरही सही करू नका.

मूळ किंमत ६४,००० आणि आजची ३८,५००, असं तिने सांगितलं. एवढे नाहीत म्हटल्यावर "महिना फक्त ३,५००, अकरा हप्ते, व्याज शून्य. फोन द्या मॅम, मी फॉर्म भरून देते." मी फोन दिला. तीन ओटीपी आले, तिन्ही मी वाचून दाखवले. मला वाटलं, सेंटरच हप्ते पाडून देतंय. प्रत्यक्षात एका वित्त कंपनीने माझ्या नावावर कर्ज काढलं होतं आणि सेंटरला पैसे मिळून गेले होते. रोज कर्जाच्या फायली हाताळणाऱ्या बाईने आपल्याच कर्जाचा कागद वाचला नाही. याची मला जितकी शरम वाटते तितकी आयुष्यात कशाची वाटलेली नाही. स्वतःचा फोन दुसऱ्याच्या हातात देऊ नका. डिजिटल कर्जातून ठरावीक मुदतीत, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून, दंड न देता बाहेर पडता येतं. ती मुदत कर्जाच्या माहितीपत्रकात लिहिलेली असते. माझं माहितीपत्रक ईमेलमध्ये पडून होतं आणि मी ते ऑगस्टमध्ये उघडलं.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते.

डीएनए टेस्टशिवाय प्लॅन बनूच शकत नाही, असं मला सांगितलं होतं. 'तुमच्या जीन्सना कार्ब चालतात की फॅट, हे कळल्याशिवाय आम्ही एक घासही सांगत नाही,' हे त्यांचे शब्द. लाळेचा नमुना द्यायचं किट कुरियरने येणार, रिपोर्टला तीन आठवडे लागणार. आणि त्याच रात्री ९ वाजून २० मिनिटांनी व्हॉट्सअॅपवर २८ पानी प्लॅन आला. माझं नाव, वर सोनेरी अक्षरांत 'खास तुमच्या डीएनएसाठी'. किट यायचं होतं. नमुना मी दिला तो १९ जूनला.

नवऱ्याने जेवताना विचारलं, "टेस्ट झाली नाही तर हे कशावरून लिहिलं?" मी म्हणाले, हा सुरुवातीचा असेल. तो परत म्हणाला, "पण वर तर डीएनएसाठी लिहिलंय." मी चिडले. तुला माझं काही चांगलं झालेलं बघवत नाही, इथपर्यंत बोलले. खरं तर त्याने विचारलं त्या क्षणी मला कळलं होतं. कळलं होतं, पण दुपारीच पैसे दिलेले, आणि ते मान्य करायचं म्हणजे आठ तासांत आपण मूर्ख ठरलो हे मान्य करायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बसले असते तर कदाचित कर्ज तरी रद्द झालं असतं. गेले नाही.

दुसरी खूण त्याच प्लॅनमध्ये होती. आम्ही माळकरी. फॉर्मवर मी 'शाकाहारी, अंडीही नाही' असं लिहिलं होतं. गुरुवारच्या पानावर चौथी ओळ : 'सकाळी ११ – दोन अंड्यांचा पांढरा भाग'. सेंटरने व्हॉट्सअॅपवर नेमून दिलेल्या कोचला विचारलं तर 'टायपिंग मिस्टेक मॅम, तिथे पनीर घ्या'. मी पनीर घेतलं. आषाढी एकादशीला उपवासाचं काय करू विचारलं, तर "इंटरमिटेंट फास्टिंग समजा मॅम" असं उत्तर आलं. माझ्या सासूबाईंनी पन्नास वर्षं धरलेल्या व्रताला त्या कोचने असं उत्तर दिलं आणि मी पुढे एक अक्षर बोलले नाही.

कारण तोवर वजन उतरलं होतं. दहा दिवसांत ७५.६, म्हणजे २.८ किलो. अन्न एकदम तोडलं की शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे राखून ठेवलेल्या साखरेचा साठा संपतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी जातं. पहिल्या आठवड्यातला काटा बहुतेक पाणीच दाखवतो. ते मला माहीत नव्हतं. मी हुरळून गेले आणि पुण्याच्या माझ्या भाचीला सांगितलं. तिचं बाळ पाच महिन्यांचं, अंगावर पाजत होती. तिने तिथल्या शाखेत ३२,००० भरले आणि तिला आणल्याबद्दल मला १,५०० रुपयांचं 'रेफरल व्हाउचर' मिळालं, तेही पावडरवरच वापरायचं. हा पैसा माझ्या हिशेबात धरलेला नाही. तो माझ्या डोक्यावर आहे.

९ जुलैला डीएनएचा रिपोर्ट आला, रंगीत, ४० पानी. सोबत 'सुधारित' प्लॅन. पहिलं पान बदललं होतं. गुरुवारची अंडी तिथेच होती.

प्लॅनप्रमाणे मी सकाळी सहाला थायरॉइडची गोळी घ्यायचे आणि सव्वासहाला सोया प्रोटीनचा शेक, त्याबरोबर लोह आणि कॅल्शियमची कॅप्सूल. कोचला विचारलं होतं, इतक्या लवकर चालेल का. 'पंधरा मिनिटं पुरे' म्हणाली. जुलैच्या शेवटी धाप लागायला लागली, केस गळायला लागले, वजन पुन्हा ७७.९. थायरॉइडच्या रक्ततपासणीतला टीएसएच मार्चमध्ये ३.१ होता, तो ९.८ आला, म्हणजे गोळी लागू पडत नव्हती. डॉक्टरांनी पावडरचा डबा हातात घेऊन वाचला आणि डोक्यालाच हात लावला. गोळीनंतर निदान अर्धा-पाऊण तास काही घ्यायचं नाही, लोह आणि कॅल्शियमला चार तासांचं अंतर हवं, सोयामुळेही गोळी नीट शोषली जात नाही. माझ्या फॉर्मवर 'हायपोथायरॉइड' ठळक लिहिलेलं आहे, त्याची प्रत माझ्याकडे आहे. ज्याला 'पर्सनल' म्हणून पैसे घेतले, त्यात माझी एकुलती एक वैयक्तिक गोष्ट कोणी वाचली नव्हती.

२७ जुलैला ताईकडे पुण्याला गेले होते. भाचीने आणि मी फोन शेजारी शेजारी ठेवले. सत्तेचाळीस वर्षांची थायरॉइडवाली बाई आणि एकोणतीस वर्षांची बाळाला पाजणारी आई. दोघींना रोज १,२०० कॅलरी. दोघींना तोच शेक. दोघींना गुरुवारी अकरा वाजता दोन अंड्यांचा पांढरा भाग. पाजत्या आईला १,२०० कॅलरी! ताई काही बोलली नाही. चहा ठेवायला आत गेली, आणि मला तिच्या मागे जायची हिंमत झाली नाही.

नंतर मी वाचत बसले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवलं होतं, एका गटाला कमी फॅट, दुसऱ्याला कमी कार्ब. २०१८ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. दोन्ही गटांचं वजन साधारण सारखंच उतरलं, आणि ज्या जीन्सवरून कोणाला कोणता आहार लागू पडेल असं मानलं होतं, त्यांचा वजनाशी संबंध दिसला नाही. म्हणजे मी ज्या गोष्टीचे ८,९९९ रुपये दिले, ती सात वर्षांपूर्वीच तपासून झाली होती.

३० जुलैला पैसे परत मागितले. पावतीच्या तळाशी 'नॉन-रिफंडेबल'. कोच तीनदा बदलली. माझ्या प्लॅनवर आहारतज्ज्ञाचं नाव काय, शिक्षण काय, हे मी तेरा ईमेलमध्ये विचारलं. उत्तर एकाही ईमेलमध्ये नाही. तुम्ही पैसे देण्याआधी हे विचारा. नाव आणि पदवी पावतीवर लिहून देत नसतील तर उठून या, ४९९ गेले तर जाऊ देत.

वित्त कंपनी म्हणाली, सेवा कशी मिळाली याच्याशी आमचा संबंध नाही, हप्ता चुकला तर सिबिलवर जाईल. मुलीचं शैक्षणिक कर्ज पुढच्या वर्षी काढायचंय. म्हणून मी मुकाट्याने हप्ते भरते आहे, आणि म्हणूनच ते लोक इतके निर्धास्त असतात.

पोलीस ठाण्यात तीनदा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा "पैसे तुम्ही स्वतः दिलेत ना? ओटीपी तुम्हीच सांगितला ना? मग हे सिव्हिल मॅटर आहे." तिसऱ्यांदा माझा अर्ज घेणाऱ्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "ताई, कमी खायचं, चालायचं. एवढे पैसे कशाला घालवायचे?" तिथे बाकावर चार माणसं बसली होती. ज्याची गाडी चोरीला जाते त्याला कोणी विचारतं का, की गाडी घेतलीच कशाला? लठ्ठ बाईची फसवणूक झाली की आधी तिचं अंग मोजलं जातं, मग अर्ज. पोचपावतीसाठी मी तिथे एक तास दहा मिनिटं उभी होते. पावती मिळाली, पुढे एक फोन नाही.

मग एका सरकारी कचेरीत. १९५४ चा एक कायदा आहे, औषधाने बरे करतो अशी जाहिरात ज्या आजारांसाठी करायला बंदी आहे त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. 'फॅट जाळणाऱ्या' कॅप्सूलची जाहिरात छापून घेऊन गेले. हे औषध नाही, फूड सप्लिमेंट आहे, पलीकडच्या टेबलावर जा. पलीकडचा म्हणाला, तुमची तक्रार प्लॅनबद्दल आहे, प्लॅन ही सेवा, ती आमच्याकडे येत नाही. मी डबा दोन्ही टेबलांवर ठेवला. डब्याला कोणी हात लावला नाही. अर्ध्या दिवसाची रजा गेली, तीनदा.

कंपन्यांनी व्यक्तिगत आहार विकूच नये, असं मी म्हणत नाही. थायरॉइडवाल्या बाईला आणि पाजत्या आईला वेगळंच खायला हवं. पण मग ज्याने आहार ठरवला त्याचं नाव खाली हवं, त्याने माझे रिपोर्ट पाहिलेले हवेत, आणि पैसे महिन्याचे महिन्याला घ्यावेत. वर्षाचे आगाऊ घेतले की माझं वजन उतरो न उतरो, त्यांचं काम पहिल्या दिवशीच संपलेलं असतं. आणि चालू फॅशनचं डाएटच विकायचं असेल तर तसं सांगून, त्या भावात विकावं. माझं नाव छापून नको.

शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन दाखल करते आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सोबत लावते आहे : १४ जूनची पावती, रात्री ९.२० चा प्लॅन, १९ जूनची नमुना उचलल्याची कुरियरची पोच, टीएसएचचे दोन्ही रिपोर्ट. व्हॉट्सअॅपवरचं काहीही पुसू नका, माझी केस त्यावरच उभी आहे.

भाची तिची वेगळी तक्रार करणार होती. पण एकाच कारणाने फसलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. तुमच्याकडे असा 'खास तुमच्यासाठी' प्लॅन असेल तर आज रात्री तो उघडा आणि गुरुवारच्या पानावर चौथी ओळ बघा.