फिजी सॉफ्टवेअर आठ महिने वापरल्यावर: उंदराचा मेंदू, चोपडा गावातला लॅपटॉप

आधीच सांगतो, टू-फोटॉन मायक्रोस्कोप, म्हणजे लेसरने जिवंत मेंदूच्या आत डोकावणारा सूक्ष्मदर्शक, माझ्याकडे नाही. तो लांबच्या एका प्रयोगशाळेत आहे. चोपड्याला घरी येतात त्या नुसत्या फायली. उंदराच्या कवटीत बसवलेल्या काचेतून, रक्तात चमकणारा रंग सोडून टिपलेल्या. त्यातल्या कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) सरळ खाली उतरणाऱ्या धमनिकांची, म्हणजे बारीक धमन्यांची, जाडी मोजायची, एवढंच माझं काम. त्यासाठी फिजी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाची चित्रं मोजायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, आणि ते ज्यावर उभं आहे ते इमेजजे हाताळलेल्याला नवं फार शिकावं लागत नाही.

एकदा आई मागून डोकावली, "हाई काय शे रे भो?" शेतातल्या ठिबकसारखं म्हटल्यावर तिला लगेच कळलं. मेंदूच्या वरच्या धमन्या एकमेकींना जोडलेल्या. एक चोंदली तर रक्त दुसरीकडून वळसा घेतं. खाली उतरणारीला तशी सोय नाही. 2007 मध्ये निशिमुरा आणि सहकाऱ्यांनी रॅटच्या मेंदूत अशी एकेक वाहिनी बंद करून पाहिली, तर तिच्याखालचा प्रवाह कोसळला. ठिबकची लॅटरल (ओळीतली बारीक नळी) चोंदली की केळीची तेवढीच ओळ माना टाकते, तसंच.

आता वापराचं. सगळे थर एकावर एक दाबून केलेलं चित्र दिसतं झकास, पण मोजायला कुचकामी: उभी वाहिनी त्यात ठिपका होते, वर मोठी शीर असली तर तो ठिपकाही गायब. उभ्या छेदात सगळं खालीवर ताणलेलं, कारण खोलीच्या दिशेने मायक्रोस्कोपची नजर अधू. म्हणून मी आडवा थर घेतो, थ्रेशोल्ड लावतो (ठरावीक उजेडाच्या वरचे ठिपके तेवढे वाहिनी धरतो) आणि क्षेत्रफळावरून व्यास काढतो. 154 चौरस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आले की व्यास 14. आडवी रेघ मारून मोजलं तर वाहिनी जरा लंबगोल असली की आकडा हलतो.

गाढवपणा माझाच: थरांतलं अंतर 2 मायक्रॉन होतं, मी 1 च ठेवलं. 400 मायक्रॉन खोलीची वाहिनी आठवडाभर 200 ची समजत होतो. हे अंतर जिथे भरतात ती प्रॉपर्टीजची खिडकी आधी उघडा, बाबांनो.

1024 बाय 1024 चे 500 थर, 16 बिट, म्हणजे साधारण 1 जीबी. 32 बिट केले की दुप्पट. माझी रॅम 8 जीबी. व्हर्च्युअल स्टॅकने (सगळी फाइल न उचलता लागेल तो थर डिस्कवरून वाचून) निभावतं, पण मे महिन्यात दुपारी लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरतो, आणि त्यात लाइट जाते. पगार झाला की आधी रॅम घेणार. कूलर वडिलांनी आणलाय, पण तो त्यांच्या खाटेकडे तोंड करून.