कर्नलशार्क : चार कोरांवरची रांग डोळ्यांना दाखवणारे साधन

वरूड तालुक्यातील आमच्या लहानशा वर्कशॉपमध्ये आम्ही संत्र्यांची प्रतवारी करणारे यंत्र तयार केले आहे. पट्ट्यावरून फळ कॅमेऱ्याखाली येते, रास्पबेरी पाय 4 हा चार कोरांचा (एकाच वेळी आपापले काम करणाऱ्या चार प्रक्रिया-केंद्रांचा) छोटा संगणक त्याचा आकार व रंग पाहून प्रत ठरवतो आणि पुढे त्या प्रतीची झडप उघडून फळ आपल्या कॅरेटमध्ये पडते. आंबिया बहाराच्या चाचणीत बहुतेक सारे सुरळीत चालले होते. मात्र अधूनमधून एखादे मोठे फळ लहानांच्या कॅरेटमध्ये जाऊन बसे. आम्ही झडप हलवणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा चुंबक) बदलला, वायरी तपासल्या, कॅमेऱ्यावरचा दिवाही बदलून पाहिला, पण फरक पडला नाही. पट्ट्यावर काम करणाऱ्या एका मजुराचे निदान सरळ होते : "भाऊ, मशीनले मंधातच डुलकी लागते."

ही डुलकी शोधण्यासाठी वापरलेल्या कर्नलशार्क या मोफत व मुक्तस्रोत प्रोग्रामबद्दल हे लिहीत आहे. लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, 2008 साली, 2.6.27 या आवृत्तीपासून, आत काय घडते ते टिपणारी एफट्रेस नावाची नोंदयंत्रणा आली. ट्रेस-सीएमडी हा प्रोग्राम तिच्याकडून नोंदी गोळा करून फाइल बनवतो आणि कर्नलशार्क त्या फाइलचे चित्र काढतो. एफट्रेसचे कर्ते स्टीव्हन रोस्टेड यांनीच या दोन्ही साधनांची सुरुवात केली. डेबियन या लिनक्स-वितरणाच्या प्रोग्राम-भांडारात दोन्ही तयार मिळत असल्यामुळे बसवण्यात काही अडचण आली नाही.

चित्रात प्रत्येक कोरची एक आडवी पट्टी असते आणि आपण निवडलेल्या प्रत्येक टास्कची, म्हणजे संगणकावरच्या एकेका कामाची, वेगळी. कोरच्या पट्टीवर कोणत्या क्षणी कोणता टास्क चालू होता हे रंगांवरून कळते. परंतु या साधनाची खरी किंमत टास्कच्या पट्टीत आहे. टास्क जागा झाला, पण त्याला अजून कोर मिळालेला नाही, एवढा काळ तेथे पोकळ हिरव्या चौकटीने दिसतो; चालू असताना दुसऱ्याने त्याला बाजूला सारले, तर तो काळ पोकळ लाल चौकटीने दिसतो. 'टॉप' ही कमांड आम्हाला सरासरी वापर सांगत होती आणि त्या आकड्याप्रमाणे संगणकाला पुरेशी उसंत होती. उसंत होती हे खरे, पण नेमकी झडप उघडायच्या वेळी ती नव्हती, आणि सरासरीत ही गोष्ट कधीच दिसली नसती.

आमच्या ट्रेसमध्ये (गोळा केलेल्या नोंदींत) झडपेच्या थ्रेडपुढे, म्हणजे झडप उघडणाऱ्या टास्कपुढे, मधूनच एक लांब हिरवी चौकट उभी राहत होती. ए आणि बी हे दोन मार्कर तिच्या दोन टोकांना लावले, तेव्हा अंतर सुमारे 40 मिलिसेकंद निघाले. आमचा पट्टा सेकंदाला अर्धा मीटर सरकतो, म्हणजे तेवढ्या वेळात फळ 2 सेंटिमीटर पुढे गेलेले असते. त्याच क्षणी वरच्या चारही पट्ट्या एकाच कामाने भरलेल्या होत्या : चित्रांवर प्रक्रिया करणारी ओपनसीव्ही ही लायब्ररी, आपण काही सांगितले नाही, तर जितके कोर तितके थ्रेड घेऊन बसते. झडपेचा थ्रेड झोपला नव्हता. जागा होऊन रांगेत उभा होता. ओपनसीव्हीला तीन थ्रेडांची मर्यादा घातली, ते तीन कोरांवर बांधले, चौथा कोर झडपेसाठी राखला आणि तिच्या थ्रेडला फिफो या तातडीच्या कामांसाठीच्या धोरणाखाली वरची प्राथमिकता दिली. नव्या ट्रेसमध्ये ती लांब चौकट दिसली नाही.

आपल्या प्रोग्राममधून एफट्रेसच्या 'ट्रेस मार्कर' या फाइलमध्ये स्वतःची ओळ लिहिता येते, ही सोय कोणी चुकवू नये. 'फोटो आला', 'प्रत ठरली' अशा ओळी कर्नलच्या नोंदींसोबत त्याच काळरेषेवर दिसू लागल्या आणि चित्र वाचणे निम्म्याने सोपे झाले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. लांबून पाहिले तर अनेक नोंदी एकाच ठिपक्यात दबतात आणि रंग फसवतात, म्हणून पुरेसे जवळ गेल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. सर्वांत जास्त विलंब कोणत्या टास्कला झाला याचा तक्ता हवा असल्यास 'पर्फ स्केड' (perf sched) ही कमांड वापरावी लागते. आम्ही आधी तो तक्ता काढतो आणि मग कर्नलशार्कमध्ये त्या क्षणापाशी जातो. सगळ्या नोंदी एकदम सुरू केल्यास फाइल झपाट्याने फुगते, मेमरी कार्डावर लिहिण्याचे काम वाढते आणि नोंद घेणारा प्रोग्रामच चित्रात गर्दी करतो. शेड्युलरच्या, म्हणजे कोणाला कधी कोर द्यायचा हे ठरवणाऱ्या कर्नलमधल्या भागाच्या, नोंदी तेवढ्या घेतल्या, तर आमचे काम भागते.

लिनक्स नसलेल्या लहान चिपवर मात्र याचा उपयोग नाही. आमच्या वजनकाट्यावर दोन कोरांची ईएसपी 32 ही अशी चिप आहे. तिच्यासाठी आम्ही सिस्टमव्ह्यू हा तशाच नोंदी दाखवणारा प्रोग्राम वापरला, तेव्हा प्रत्येक कोरची वेगळी फाइल निघाली आणि दोन खिडक्या शेजारी ठेवून वेळा जुळवत बसावे लागले. त्या मानाने चारही कोर एका पडद्यावर पाहणे फार सुखाचे आहे.

आता मृग बहाराचा माल येण्यापूर्वी पट्ट्याचा वेग वाढवून पाहायचा आहे. त्या चाचणीचे ट्रेस वीज असेपर्यंत उरकावे लागतील, कारण मागच्या वेळी नोंद चालू असतानाच लाईन गेली आणि फाइल अर्धवट राहिली.