नावं घोळवायची की हिशेब सर्व्हरवर न्यायचा?

आर्वीकडच्या एका पोरानं कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यासाठी सी शार्पमध्ये प्रोग्राम लिहिलाय. ईएक्सई (तयार प्रोग्रामची फाइल) दिली की कोणीही आयएलस्पाय या फुकट साधनात उघडून जवळपास मूळ कोड वाचेल, ही त्याची धास्ती. खरीच आहे, डॉटनेटच्या (सी शार्प ज्यावर चालतं त्याच्या) फाइलीत क्लास-मेथडची, म्हणजे कोडच्या तुकड्यांची, नावं तशीच राहतात. वाटा दोन: ऑबफस्केशन, म्हणजे ही नावं घोळवणं, नाहीतर हिशेबाचा कोड आपल्या सर्व्हरवर ठेवणं.

खर्च: नावं घोळवणारं ऑबफस्कार हे साधन फुकट. सर्व्हरला भाडं, हंगाम संपला तरी.

टिकाव: ऑबफस्केशननं नावं निरर्थक होतात, पण कोड गिऱ्हाइकाच्या मशीनवरच असतो. चिकाटीचा माणूस उलगडतोच, त्यामुळे पासवर्ड तर आत ठेवूच नये. सर्व्हरवरचा कोड त्याच्या हाती येतच नाही.

त्रास: नावं बदलली की रिफ्लेक्शन (चालू प्रोग्रामनं नावावरून कोड शोधणं) वापरणारा भाग मोडतो, तो वगळावा लागतो. एरर वाचता याव्यात म्हणून मॅपिंग फाइल (जुन्या-नव्या नावांची यादी) जपा. पण सर्व्हरचं खरं दुखणं नेट. डिसेंबरात कापसाच्या गाड्यांची रांग, नेट गेलेलं, अन् काटा बंद? जिनिंगवाला सोडणार नाही भाऊ.

म्हणून वजन-पावतीला ऑबफस्केशन पुरे. धंदा ज्यावर उभा आहे असं एखादं सूत्र असेल आणि त्याचं उत्तर संध्याकाळी मिळालं तरी चालत असेल, तर तेवढंच सर्व्हरवर न्यावं.