चढावरच ऑइलचा दिवा लागतोय? मग आडगावचं हे गॅरेज

आमची दहाचाकी हायवा (टिपर) नाशिकजवळच्या सारूळच्या खाणींवर चालते, डबर आणि खडी, आणि सिंहस्थाची कामं निघाल्यापासून तर गाडी एक दिवस उभी ठेवणं परवडत नाही, त्यात हिला एक खोड लागली होती की भरून खाणीतून वर निघाली की रॅम्पच्या मधोमध ऑइलचा लाल दिवा (प्रेशर पडल्याचा) लागणार, बजर बोंबलणार आणि वर सपाटीला आली की सगळं गप्प. हायवेला काही नाही, कसारा घाटात भरलेली चढली तरी काही नाही, फक्त खाणीचा खडा चढ. ड्रायव्हर म्हणायचा शेठ सेन्सरच नाटकं करतोय, चालवू द्या. पण ऑइलच्या दिव्याला नाटक समजून चालवलेल्या गाड्यांची खराब झालेली इंजिनं मी बाजारात बघितलीत, त्यामुळं चैन पडत नव्हतं.

आता या गॅरेजला यायच्या आधी काय काय झालं ते सांगतो, कारण तुमच्याकडंही हेच होणार. एकानं सेन्सर बदलला, दिवा तसाच. दुसऱ्यानं सांगितलं 15डब्ल्यू40 ग्रेडचं ऑइल पातळ पडतंय, त्याहून जाड 20डब्ल्यू50 टाका, टाकलं, पैसे गेले, दिवा तसाच. मग प्रेशर वाढवायचं म्हणून एक डबा मिळतो मधासारखा घट्ट, तोही गळ्यात मारला. एका महाशयांनी तर डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या दोन लिटर वर भरा म्हणून सल्ला दिला, चढावर कमी पडायला नको म्हणे. त्यानं झालं असं की क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) ऑइलमध्ये आपटून फेस व्हायला लागला, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) ऑइल उडायला लागलं आणि फेसात हवाच असते त्यामुळं प्रेशर आणखी ढिलं. नावं घेत नाही कुणाची, नाशकात सगळे ओळखीचेच आहेत.

आडगाव ट्रक टर्मिनलच्या बाजूला हे गॅरेज आहे, बाहेरून बघितलं तर आत जावंसं वाटणार नाही असं, पण मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तोच वेगळा. कुठलं ऑइल टाकता हे नाही, तर "चढाला गाडीचं तोंड वर असताना लागतो का खाली असताना?" मी म्हटलं वर असताना. मग म्हणे चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, कधी फुटलं होतं का? फुटलं होतं, पावसाळ्यात खाणीत दगड लागून, आणि तिथल्याच एका वेल्डरनं पट्टी मारून दिली होती. मिस्त्री नुसते हं म्हणाले आणि चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सेन्सरच्या जागी लांब पाइप लावून ऑइल प्रेशरचं काट्याचं मीटर सरळ केबिनमध्ये आणलं आणि स्वतः गाडीत बसून सारूळला आले, द्वारकाच्या ट्रॅफिकला शिव्या घालत. इंजिन चांगलं गरम झालेलं, सपाटीला 1500 आरपीएमला काटा साडेतीन किलोवर, एकदम मस्त. रिकामीच गाडी रॅम्पला घातली आणि अर्ध्यात आल्यावर काटा थरथरायला लागला, थरथरतच 1 किलोच्या खाली, मग दिवा. मिस्त्री म्हणाले काटा नुसता खाली आला असता तर पंप किंवा बेअरिंग म्हटलं असतं, हा थरथरतोय म्हणजे पंप हवा ओढतोय. आणि मग जे केलं ते मला आधी कुणाच्या डोक्यात आलेलं दिसलं नाही. तोच रॅम्प, तीच गाडी, रिव्हर्समध्ये चढवायला लावली. काटा हलला नाही! ड्रायव्हर आणि मी एकमेकांकडं बघत राहिलो.

मग गाडी गॅरेजला आणून चेंबर खाली उतरवलं. आमच्या इंजिनला चेंबरचा खोल भाग पुढं आहे आणि पंप जिथून ऑइल ओढतो ती सक्शनची जाळी त्यात, मागचा भाग उथळ (काही इंजिनांत उलटं असतं, खोल भाग मागं, अशा गाडीला चढ सोपा जातो आणि खडा उतार त्रास देतो, म्हणून मिस्त्रींचा तो पहिला प्रश्न). तोंड वर झालं की ऑइल मागं पळणार हे ओघानं आलंच, ते पळू नये म्हणून कंपनी आत आडवी पत्री देते, बॅफल म्हणतात तिला. आमच्या चेंबरात त्या पत्रीचे फक्त दोन खुंट उरले होते, गॅसकटरनं कापलेले, काळे. वेल्डरला आतून टाका मारायला ती आड येत असणार, कापली आणि परत लावलीच नाही.

नुसतं सांगून थांबले नाहीत. त्या जुन्या चेंबरात पाणी ओतलं, एका बाजूनं जॅक लावून उचललं आणि मला टेप धरायला लावली. दर 4 फुटाला 1 फूट असा चढ, म्हणजे साधारण 14 अंश, आणि चेंबर 80 सेंटीमीटर लांब, तर दोन टोकांत 20 सेंटीमीटरचा फरक पडतो. पाणी सगळं मागं, जाळी जिथं बसते तिथं तळ उघडा. आता यात ऑइल 40 असलं काय आणि 50 असलं काय, जाळी उघडी पडली की पंप हवाच ओढणार, जाड ऑइल तर उलट परत यायलाही आळशी. निफाडचा पारा 10 च्या खाली जातो त्या पहाटे ते 50 टाकून स्टार्टर मारताना बॅटरीचे जे हाल झाले ते वेगळेच.

उघडलंच आहे तर बेअरिंग बघू म्हणाले. बिग एंडच्या (क्रँकला कनेक्टिंग रॉड जोडतो तिथल्या) काही बेअरिंगची वरची पांढरी लेअर जाऊन खालचं तांबं दिसायला लागलं होतं. क्रँकवर नख फिरवून दाखवलं मला, नख कुठं अडकलं नाही, म्हणजे क्रँक वाचला. टर्बोचा शाफ्ट हातानं हलवून बघितला, त्याला सगळ्यात आधी फटका बसतो कारण तो लाखभर आरपीएमला फिरतो आणि नुसत्या ऑइलच्या फिल्मवर तरंगतो. तो पण ठीक होता. दुसरा कुणी असता तर एवढ्या भांडवलावर पूर्ण इंजिन काम काढलं असतं, आणि मी हो पण म्हटलं असतं, कारण घाबरलेला गाडीमालक कशालाही हो म्हणतो.

काम काय केलं तर बॅफलवालं ओरिजिनल चेंबर, बेअरिंग सेट, सक्शन पाइपची ओ-रिंग (जुनी दगडासारखी कडक झालेली, तिथूनही थोडी हवा जात असेल म्हणाले), पॅकिंग, फिल्टर आणि ऑइल. ऑइल टाकायच्या आधी गाडी बीएस4 का बीएस6 ते विचारलं. आमची बीएस4, तिला 15डब्ल्यू40 सीआय-4 प्लस (हा ऑइलचा दर्जा) टाकलं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस6 गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं ऑइल लागतं, सीके-4 वगैरे, कंपनीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच टाकायचं, स्वस्तातलं जुन्या ग्रेडचं टाकलं तर डीपीएफ लवकर भरतो. त्या गाड्यांचं अजून एक, डीपीएफ साफ करताना जादा डिझेल मारतात त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं, म्हणून बीएस6 ला लेव्हल आपोआप वाढलेली दिसली तर खुश व्हायचं नाही, ऑइल पातळ झालंय.

ड्रायव्हरला पण बसवून समजावलं, मला हे आवडलं. लेव्हल बघायची ती सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, खाणीत तिरक्या उभ्या गाडीची नाही. वरच्या खुणेच्या वर थेंब नको. चढावर दिवा लागून राहिला तर रेस देऊन वर काढायची नाही, थांबायचं, हँडब्रेक, टायरमागं दगड, मग इंजिन बंद.

बिल म्हणाल तर आधी सेन्सर, डबे आणि नको ते ऑइल यावर जेवढं घातलं त्याच्यापेक्षा थोडंच जास्त, त्यात चेंबर आणि बेअरिंग आलं. आता गाडी भरून त्याच रॅम्पला चढते, मीटर मी काढू दिलं नाही, केबिनमध्येच ठेवलंय, काटा तीनच्या खाली येत नाही.

आता तक्रारी. संध्याकाळी देतो म्हणाले आणि गाडी मिळाली दुसऱ्या दिवशी दुपारी. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपला नुसते फोटो टाकतात, खाली एक अक्षर नाही, आपण अंदाज लावत बसायचं. बिल कच्चं देतात, जीएसटीचं पाहिजे असेल तर आधीच सांगा नाहीतर तोंड वाकडं होतं. इंजिन उघडलेलं असताना शेजारी ग्राइंडर चालू होता, त्याचे कण आत उडतात, ते मला अजिबात पटलं नाही, मी बोललो तेव्हा ताडपत्री टाकली. बसायला एक बाकडं आहे, त्यावर बहुतेक वेळा गिअरबॉक्स बसलेला असतो.

पाचपैकी चार स्टार, एक त्या ग्राइंडरचा कापला. शनिवारी बंद असतं. दहाचाकी आतल्या गल्लीत वळत नाही, मेन रोडला लावून पोऱ्याला बोलवा, तो रिव्हर्समध्ये बरोबर आत घेतो.